घरातील जलबाग आणि ग्वाल्हेरचा उन्हाळा

मातीशिवाय, केवळ पोषक क्षार विरघळविलेल्या पाण्यावर भाजीपाला वाढविण्याची पद्धत आता आपल्या सभासदांच्या घरांतही शिरली आहे. कोणाच्या मागच्या खोलीत, कोणाच्या जिन्याखाली, तर कोणाच्या बिनवापराच्या माजघरात प्लास्टिकच्या नळ्या मांडून वर दिवे टांगलेले दिसतात. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ही बाग आल्यागेल्याला कौतुकाने दाखविली जाते. एप्रिल लागला की तिच्याविषयीचे बोलणे कमी होते, आणि मे महिन्यात बहुतेक ठिकाणी नळ्या धुऊन माळ्यावर टाकलेल्या असतात. ‘ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात हे जमावयाचे नाही’ असा निकाल मग दिला जातो. हा निकाल अर्धा खरा व अर्धा खोटा आहे. त्यातला खोटा अर्धा वेगळा काढून दाखविणे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

पद्धत मुळीच नवी नव्हे. जर्मनीत झाक्स व क्नोप या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८६० च्या सुमारास क्षारयुक्त पाण्यात रोपे वाढवून झाडाला नेमकी कोणती द्रव्ये लागतात याचा शोध घेतला. कॅलिफोर्निया विद्यापीठातील गेरिके यांनी हीच पद्धत प्रयोगशाळेबाहेर मोठ्या टाक्यांवर नेली आणि १९३७ मध्ये तिला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव दिले. आपल्या देशात १९४६ पासून शोल्टो डग्लस यांनी कालिंपाँग येथे खडी-वाळूच्या वाफ्यांवर प्रयोग केले, व त्यांचे या ‘बंगाल पद्धती’वरील पुस्तक १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. पण कालिंपाँग हे डोंगरावरचे थंड गाव. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणाऱ्या आणि दुपारभर लू वाहणाऱ्या शहरात, चार भिंतींच्या आत, दिव्यांखाली बाग करावयाची तर प्रश्न निराळे पडतात.

त्यांतला पहिला प्रश्न असा की, मुळे चोवीस तास पाण्यात असताना रोप सुकते कसे? मातीतले झाड माना टाकते तेव्हा आपण समजतो की पाणी घालावयाचे राहिले. येथे तर पाणीच पाणी आहे. तरीही दुपारी तीन वाजता पाने ओल्या फडक्यासारखी लोंबू लागतात. घरातले कोणी म्हणते, दिवे जास्त झाले. कोणी म्हणते, खत कमी पडले. आणि बहुधा खताची बाटली उचलली जाते. नेमके हेच करावयाचे नसते.

लष्कर भागातील एका परिचित कुटुंबात गेल्या काही वर्षांपूर्वी घडलेली हकीकत सांगतो. घरच्या सुनेने आपल्या भिशीची रक्कम घालून लेट्यूसची, म्हणजे जुनी मंडळी जिला सालीट म्हणत त्या भाजीची, दीडशे रोपांची मांडणी केली होती. हिवाळाभर दोन उपाहारगृहांना माल नियमित जात होता आणि घातलेले पैसे निम्म्याहून अधिक निघाले होते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पाने मलूल दिसू लागली. सासूबाईंना वाटले, रोपे अशक्त झाली. सुनेलाही ते पटले. दोघींनी मिळून पोषक द्रावण वाढविले. चार दिवसांत मुळे तपकिरी झाली, हात लावताच त्यांची साल सुटून येऊ लागली, आणि आठवड्याच्या आत दीडशेपैकी वीसएक रोपे उरली. मी गेलो तेव्हा टाकीत तापमापक बुडवून पाहिला. पाणी ३३ अंश होते. खोलीत पंखा होता, खिडकीला पडदा होता, वरच्या हवेची काळजी सर्व प्रकारे घेतलेली होती. पाण्याचे तापमान मात्र तोवर कोणीच मोजले नव्हते.

आता या ३३ अंशांचा अर्थ पाहू. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन घेऊन ती साखर जाळतात व त्या शक्तीवर पाणी आणि क्षार आत ओढतात. परंतु पाणी जितके गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहू शकतो. २५ अंशांस ८.३, ३० अंशांस ७.६, आणि ३५ अंशांस सुमारे ७. म्हणजे २० पासून ३५ अंशांपर्यंत जाताना जवळजवळ चौथा हिस्सा गेला. एवढ्याने भागले असते, तर फार बिघडले नसते. पण त्याच वेळी मुळांची भूक वाढते. तापमान १० अंशांनी चढले की श्वसनाचा वेग साधारणपणे दुप्पट होतो. घरात खाणारी तोंडे दुप्पट व्हावीत आणि त्याच महिन्यात शिधा कमी यावा, अशी ही अवस्था. शिवाय वर दिलेले आकडे पाण्यात हवा पुरेपूर खेळविली असता मिळणारे आहेत. दाट मुळांनी भरलेल्या, संथ पाण्याच्या टाकीत प्रत्यक्ष प्रमाण त्याहून पुष्कळच कमी असते.

ऑक्सिजन कमी पडला की मुळांच्या पेशींतील पाणी आत घेणारी सूक्ष्म दारे मिटू लागतात. वर पाने तर उष्ण कोरड्या हवेत भराभर पाणी सोडीत असतात. खालून येणे थांबले, वरून जाणे चालू. मग पाने लोंबतात यात नवल ते काय? रोप पाण्यात उभे राहून तहानलेले असते ते असे. त्यातच पिथियम नावाचा बुरशीसारखा एक जीव आहे. त्याचे बीजाणू पाण्यात पोहत एका मुळावरून दुसऱ्यावर जातात आणि त्याच्या काही जाती ३० अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यातच विशेष फोफावतात. गुदमरलेले मूळ त्याला आयते सापडते. एकाच टाकीचे पाणी सर्व रोपांतून फिरत असेल, तर एका रोपाचा रोग दुसऱ्या दिवशी शेजारच्याला पोचलाच म्हणून समजावे.

खत वाढविल्याने काय होते, तेही येथेच सांगणे बरे. उन्हाळ्यात रोप पाणी अधिक पिते, पण क्षार त्या मानाने कमी घेते. त्यामुळे टाकीतील द्रावण काही न घालताही दिवसेंदिवस दाट होत जाते. दाट द्रावणातून पाणी ओढणे मुळांना अधिक जड जाते. अशा वेळी आणखी क्षार घालणे म्हणजे तहानलेल्याला लोणचे वाढणे होय. लेट्यूससाठी हिवाळ्यात विद्युत्‌वाहकता मोजण्याच्या मीटरवर १.४ ते १.६ ठेवीत असाल, तर उन्हाळ्यात ती १.० ते १.२ वर आणावी आणि रोजची तूट साध्या पाण्याने भरून काढावी.

हे सारे ध्यानात घेतले म्हणजे क्रम आपोआप ठरतो. आधी मुळांचे पाणी, मग खोलीची हवा, आणि शेवटी खत. बहुतेक घरांत तो नेमका उलटा असतो. मुळे थंड ठेवली तर वरचा उन्हाळा रोप किती सोसू शकते, याचे मोठे उदाहरण सिंगापूरचे आहे. विषुववृत्ताजवळच्या त्या बेटावर बारमाही उकाडा. तेथे राष्ट्रीय शिक्षण संस्थेतील ली सिंग काँग, हे जी आदी संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात लेट्यूसची मुळे बंद पेटीत लोंबती ठेवून त्यांवर थंड द्रावणाचे तुषार सोडले. मुळांचा भाग २० अंशांच्या आसपास ठेविला, आणि पाने मात्र तेथल्या उष्ण हवेतच राहू दिली. थंड प्रदेशातील ही भाजी त्या हवेत चांगली वाढली. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या लेट्यूसविषयक मार्गदर्शिकेतही तळ्यातील पाणी २५ अंशांच्या वर जाऊ देऊ नये असेच सांगितले आहे. आपण घरगुती माणसांनी २४-२५ हे ध्येय धरावे. २८ ही धोक्याची घंटा समजावी.

उष्णता येते कोठून?

थंड करण्याच्या आधी गरम होण्याची कारणे शोधावीत. त्यात खर्च कमी. येथे थोडा हिशेब करावा लागेल, परंतु तो शाळेतल्या आठवीच्या मुलालाही येण्यासारखा आहे. १ लिटर पाणी १ अंशाने तापविण्यास १ किलोकॅलरी उष्णता लागते. आणि विजेचे १ युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी.

पाण्यात बुडवून ठेवावयाचा ४० वॉटचा पंप दिवसरात्र चालू असेल, तर तो चोवीस तासांत ०.९६ युनिट वीज घेतो. म्हणजे सुमारे ८२५ किलोकॅलरी. ही जवळजवळ सर्व उष्णता शेवटी पाण्यातच उतरते. १०० लिटरच्या टाकीतून उष्णता बाहेर जाण्यास वाव नसता, तर एकट्या पंपाने दिवसाकाठी पाणी ८ अंशांनी तापविले असते! पुष्कळ घरांत गरजेच्या दुप्पट ताकदीचा पंप बसविलेला असतो, कारण दुकानदाराने ‘मोठाच घ्या’ म्हटलेले असते. लहान पंप घ्यावा, किंवा पाण्याबाहेर बसणारा घ्यावा. खोल पाण्याच्या टाकीत तो थांबवून थांबवून चालविता येतो. नळ्यांतून पातळ धार वाहविण्याच्या पद्धतीत मात्र तसे करू नये. तेथे धार तुटली की मुळे उघडी पडतात. आपल्याकडे वीज मधूनच जाते, हे लक्षात घेता उन्हाळ्यासाठी नळ्यांची मांडणी मला पसंत नाही. भर दुपारी वीज गेली, तर नळीतील रोप अर्ध्या तासात मान टाकते. खोल टाकीतील रोपाला निदान पाण्याचा साठा तरी असतो.

दिव्यांचा हिशेब याहून डोळे उघडणारा आहे. ४०० वॉटचे दिवे १६ तास जळले तर ६.४ युनिटे, म्हणजे सुमारे ५५०० किलोकॅलरी. नवे एल.ई.डी. दिवे ‘थंड’ असतात, असा समज आहे. त्यांचा झोत पानांना कमी भाजतो आणि तेवढ्याच प्रकाशाला वीज कमी लागते, हे खरे. परंतु जी काही वीज त्यांनी घेतली, ती प्रकाशाच्या रूपाने का होईना, अखेर त्या खोलीतच उष्णता होऊन राहते. झाड साखरेच्या रूपाने साठविते तो भाग फारच थोडा. यास्तव उन्हाळ्यात दिवे रात्री लावावेत. सायंकाळी सातला सुरू करून सकाळी अकरापूर्वी बंद केले, की दुपारचे ऊन आणि दिव्यांची धग एकाच वेळी येत नाहीत. यात एक तोटा आहे. दिवसाच्या गरम अंधारात झाड आपली साखर अधिक जाळते. तरीही दोन आगी एकत्र येण्यापेक्षा हा तोटा परवडतो. शक्य असल्यास दिव्यांचे तास १६ वरून १२ करावेत. वाढ मंदावेल, पण झाडे राहतील.

तिसरा चोर गच्चीवर बसलेला असतो. ती काळी पाण्याची टाकी! मे महिन्यात दुपारी तिच्या नळाखाली हात धरवत नाही, आणि तेच पाणी आपण ‘तूट भरण्यासाठी’ मुळांवर ओततो. टाकीचे पाणी पहाटे काढून घरात झाकून ठेवावे, किंवा सरळ माठातले वापरावे. द्रावणाची टाकी भिंतीला, विशेषतः पश्चिमेच्या भिंतीला, टेकवून ठेवू नये. तिच्याभोवती थर्माकोल किंवा जुन्या रजईचा थर द्यावा व वरून पांढरे कापड घालावे. प्रकाश आत जाणार नाही हे पाहावे; नाही तर शेवाळ धरते. जुन्या वाड्यांत ज्यांना तळघर लाभले आहे त्यांनी टाकी तेथेच ठेवावी. दोन हात जाडीच्या भिंती ज्यांनी बांधल्या, त्यांनी आपले अर्धे काम आधीच करून ठेवले आहे.

बर्फ आणि माठ

पाणी तापलेच तर बहुतेक जण बर्फाकडे धावतात. बर्फाची शक्ती किती, तेही मोजू. १ किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता घेतो, आणि वितळलेले पाणी २४ अंशांपर्यंत येताना आणखी २४, एकूण १०४. आता १०० लिटर द्रावण ३२ वरून २४ अंशांवर आणावयाचे, तर ८०० किलोकॅलरी काढावयास हव्यात. म्हणजे पावणेआठ किलो बर्फ. आणि तो एकदाच नव्हे, रोज. एक लिटरची गोठविलेली बाटली १०० लिटरमध्ये टाकली, तर पाणी जेमतेम १ अंशाने उतरते. मनाचे समाधान मात्र ८ अंशांचे होते. याउलट २० लिटरच्या बादलीत तीच बाटली ५ अंश उतरविते. तेव्हा बर्फाचा उपाय लहान मांडणीसाठी व अडीअडचणीसाठी चांगला. बाटली घट्ट बंद असावी, म्हणजे द्रावण पातळ होत नाही. दोन बाटल्या आळीपाळीने फ्रीजमध्ये ठेवाव्यात व दुपारी बारा-साडेबाराला, पाणी तापण्याच्या आधी, एक सोडावी. पाणी तापून गेल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही.

याहून शहाणा उपाय आपल्या स्वयंपाकघरात तिवईवर बसलेला आहे. माठातले पाणी थंड होते, कारण पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. १ लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते, म्हणजे साडेपाच किलो बर्फाइतकी! त्यातली सगळीच टाकीतून घेतली जात नाही, बरीचशी भोवतालच्या हवेतून येते. तरीही हिशेब आपल्या बाजूचाच राहतो. मात्र द्रावणच माठात भरू नये. क्षार मातीच्या छिद्रांत बसतात, माठावर पांढरे पोपडे धरतात आणि काही दिवसांनी पाझर बंद होतो. त्याऐवजी पातळ प्लास्टिकच्या बादलीभोवती गोणपाट गुंडाळावे, त्याची खालची कड साध्या पाण्याच्या परातीत बुडवावी, आणि त्यावर पंख्याचा किंवा कूलरचा झोत सोडावा. (अर्थात् ज्या टाकीला थर्माकोल लावला तिला गोणपाटाचा उपयोग नाही, दोहोंपैकी एकच.) झोत महत्त्वाचा. कोंदट खोलीत ओले गोणपाट नुसते ओलेच राहते.

लू वाहते ती हवा वाईट, असे आपण मानतो. पण तिचा कोरडेपणा हा या कामी आपला मित्र आहे. आपल्या पूर्वजांनी दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडले, ते हेच जाणून. आजचा कूलर म्हणजे तो पडदाच. मागे पंखा जोडला इतकेच. बाहेर ४० अंश तापमान व हवेत २० टक्के आर्द्रता असेल, तर चांगला कूलर २६-२७ अंशांची हवा देऊ शकतो. मात्र समोरची खिडकी हातभर उघडी हवी. खोली बंद करून कूलर लावला की दोन तासांत हवा दमट होऊन कूलरही थकतो.

आणि आता पावसाळ्याची गोष्ट. जुलैत बाहेर ३२ अंश असते, म्हणजे मे महिन्याच्या मानाने सुखाचे. पण आर्द्रता ८० टक्के असली, तर कूलर कितीही चालविला तरी २९ अंशांच्या खाली हवा जाणार नाही, आणि खोलीत बुरशीला आमंत्रण मिळेल. कूलर केव्हा लावावा व केव्हा बंद करावा, हे अंदाजाने ठरवू नये. दोन साधे तापमापक घ्यावेत. एकाच्या फुग्याला ओल्या मलमलीची पट्टी गुंडाळावी, आणि दोन्ही पंख्यासमोर पाच मिनिटे धरावेत. ओल्याचा आकडा ही कूलरची शेवटची मर्यादा. त्याखाली तो जाऊ शकत नाही. दोहोंत १० अंशांचे अंतर असेल तर कूलर जरूर चालवावा. अंतर ४ अंशांवर आले की तो बंद करून नुसता पंखा ठेवावा. घरातील मुलामुलींकडे हे मोजणीचे काम सोपवून भिंतीवर तक्ता लावला, तर त्यांची सुटीही कारणी लागते आणि मोजणीही चुकत नाही. मोठ्यांच्या हातून ती तिसऱ्या दिवशी राहते, असा अनुभव आहे.

दमट आणि निश्चल हवेचा आणखी एक उपद्रव लेट्यूसमध्ये दिसतो. आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होऊन जळल्यासारख्या दिसतात. ते ऊन लागणे नव्हे. कॅल्शियम हे द्रव्य झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबरच चढते, आणि जे पान पाणी सोडते त्याच्याकडेच जाते. गाभ्यातील मिटलेली पाने दमट हवेत पाणी सोडीत नाहीत, म्हणून त्यांना ते मिळत नाही. टाकीत कॅल्शियम भरपूर असूनही गाभा उपाशी! अशा वेळी औषध म्हणजे वरून गाभ्यावर हलका वारा घालणे. आणखी क्षार घालणे नव्हे.

मुळांना हवा देण्याविषयी राहिले. हवेचे बुडबुडे सोडणारा छोटा पंप खोलीतल्या थंडात थंड जागी, जमिनीलगत ठेवावा. वर दिव्यांजवळ ठेवला तर तो गरम हवाच पाण्यात फुंकतो. ज्यांच्याकडे वीज वारंवार जाते त्यांनी हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅट्की यांच्या पद्धतीचा विचार करावा. तीत पंपच नसतो. टाकीतील पाणी रोप जसजसे पिते तसतशी झाकण व पाणी यांमध्ये पोकळी तयार होते, आणि त्या दमट पोकळीत वरची मुळे हवेतून ऑक्सिजन घेण्यास शिकतात. येथे एकच पथ्य आहे. पाणी कमी झाले म्हणून हौसेने टाकी पुन्हा काठोकाठ भरावयाची नाही. हवेला सरावलेली मुळे बुडाली की रोप गुदमरते. तूट भरावयाचीच असल्यास निम्मी भरावी.

रोप मलूल दिसले की औषधाच्या आधी निदान करावे. दुपारी लोंबलेले पान पहाटे पुन्हा ताठ दिसले, तर मुळे शाबूत आहेत. पाणी थंड करा, दिवे कमी करा, रोप वाचेल. पहाटेही पान पडलेलेच असेल, तर रोप उचलून मुळे पाहावीत. पांढरी, करकरीत मुळे असतील तर द्रावण फार दाट झाले आहे काय, ते मोजावे. तपकिरी, बुळबुळीत, कुजका वास येणारी मुळे असतील, तर ते रोप मोह न धरता काढून टाकावे, सर्व पाणी बदलावे आणि टाकी घासून धुवावी. पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड टाकण्याची अलीकडे मोठी चाल पडली आहे. त्याने तात्पुरते जंतू मरतात व थोडा ऑक्सिजनही सुटतो. पण पाणी ३३ अंशच राहिले, तर दोन दिवसांत मूळपदावर येते. ज्वराचे कारण न काढता घाम पुसण्यासारखे ते आहे.

काय लावावे?

सुरुवातीला निकाल अर्धा खरा आहे असे म्हटले, तो हा भाग. मे-जूनमध्ये ग्वाल्हेरीत लेट्यूस, कोथिंबीर, मेथी यांचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ही थंडीची पिके. वातानुकूलित खोलीत ती येतात, पण विजेचे देयक पाहिल्यावर पान कडू लागते. आणि उष्णतेने लेट्यूसला लवकर तुरा आला तर ते खरोखरच कडू होते. तिचे बी तर ३० अंशांच्या आसपास उगवण्यासच नकार देते. उगवण न झाल्याबद्दल बी विकणाऱ्याशी भांडण्याआधी खोलीचे तापमान पाहावे.

उन्हाळ्यासाठी आपली माठाची भाजी घ्यावी. हिरवा माठ, लाल माठ, दोन्ही. उष्ण व प्रखर उजेडात काम करण्याची या झाडाची रासायनिक रचनाच निराळी आहे. मका, ऊस, ज्वारी यांची असते तशी. त्यामुळे जेथे लेट्यूस धापा टाकते तेथे माठ वाढतो. पाणी थंड ठेवावयास एक माठ आणि खावयास दुसरा माठ, असा हा उन्हाळ्याचा योग मराठीनेच जुळवून ठेवलेला दिसतो. याखेरीज मायाळू, सब्जा, पुदिना आणि नाळीची भाजी ही पाण्यावर उत्तम होतात व २८-२९ अंशांचे पाणी सोसतात. पुदिन्याला तर बीसुद्धा नको. बाजारच्या जुडीतल्या दोन निरोगी काड्या ग्लासभर पाण्यात ठेवल्या की आठवड्या-दहा दिवसांत मुळे सुटतात.

वर सांगितलेल्या लष्करातल्या कुटुंबात आता हेच वेळापत्रक चालते. एप्रिलच्या मध्यास लेट्यूसची शेवटची काढणी, मग टाकी धुऊन माठ व पुदिना. त्याचा भाव लेट्यूसच्या पासंगालाही येत नाही, हे सूनबाई मोकळेपणाने सांगतात. पण पंप, दिवे बंद पडून राहत नाहीत, गिऱ्हाईक तुटत नाही आणि भिशीचे पैसे पुन्हा पाण्यात जात नाहीत. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत त्या रोपांतील अंतर दीडपट करतात, म्हणजे पानांमधून वारा फिरतो. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात लेट्यूसचे बी ओल्या कापडात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दोन दिवस ठेवतात, मग घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात पेरतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास, रात्रीचे पाणी आपोआप २४ अंशांच्या खाली उतरू लागले की, ती रोपे टाकीवर चढतात. त्याआधी टाकी, नळ्या व पंपाची जाळी ब्लीचिंग पावडरच्या पातळ पाण्याने धुऊन, दोनदा स्वच्छ पाण्याने खळबळून, उन्हात पूर्ण वाळवून घेतात. मागच्या ऋतूतला एकही मुळाचा तंतू जाळीत राहू देत नाहीत.